पियानोच्या आत काहीही नाही

आमच्या पियानोच्या विम्याचा दावा नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते, आणि ते खरे होते. बावीस वर्षे वर्तमानपत्राच्या टेबलावर काढलेल्या माणसाला खऱ्या वाक्याशी भांडता येत नाही. म्हणून घटना जशी घडली तशी, क्रमाने नोंदवतो.

तिरोड्याच्या आमच्या घरात पियानो आलाच कसा, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे प्रत्येक कचेरीत मला हाच प्रश्न विचारला गेला. वडील मालधक्क्यावर कारकून होते. गोंदियातला साहेब लोकांचा जुना क्लब बंद झाला आणि तिथले सामान विकायला निघाले. वडील टेबल-फॅन आणायला गेले आणि पियानो घेऊन आले. (टेबल-फॅन त्यांच्या आधी कोणीतरी नेला होता.) स्टेशनापासून घरापर्यंत तो धानाच्या बैलबंडीवरून आला. बघायला गल्ली जमली. शेजारच्या काकूंनी त्याच्याभोवती एक फेरी मारून यात धान्य किती मावते, असे विचारले. तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

घरात तो वाजवायची फक्त माझी धाकटी बहीण, सुषमा. वडील तिला म्हणत, "तुझ्या लग्नात हाच आंदण." लग्न झाले, सुषमा नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली, पुढे वडीलही गेले. पियानो मात्र जागचा हलला नाही, आणि त्याचे कारण मी. मी त्यावर जुन्या अंकांच्या फायली ठेवल्या होत्या, आणि त्या उचलायला मला सतरा वर्षे सवड मिळाली नाही.

मागच्या उन्हाळ्यात आईने एका सकाळी चहा ठेवता ठेवता विषय काढला.

"तुझ्या बापानं शब्द देला होता. मी जिती आहो तवर ते पेटी सुषमाच्या घरी गेली पायजे. तू पाठवतो का मी पाठवू?"

आई धमकी देत नाही. ती फक्त कार्यक्रम जाहीर करते. मागे एकदा ती 'मीच जातो' म्हणाली होती आणि सालेकसा तालुक्यात डोंगरातल्या कचारगडच्या यात्रेला एकटीच जाऊन आली होती. मी त्याच दिवशी फायली उचलल्या.

गोंदियात परदेशी माल पाठवणारे एजंट आहेत, पण ते तांदूळ पाठवतात. मला मिळालेल्या पप्पू सेठनी आयुष्यभर तांदळाशिवाय दुसरे काही समुद्रापार धाडले नव्हते. त्यांनी पियानोचा फोटो मोबाईलवर मोठा करून, आडवा करून, उलटा करून पाहिला.

"भाऊ, चावल होता तो आँख बंद करके भेज देता," ते म्हणाले. "और जगह भी कौन सी चुनी, न्यूझीलंड! वहाँ अनाज का एक दाना नहीं चलता, मिट्टी नहीं चलती, लकडी में कीडा नहीं चलता. और इन्शुरन्स के बिना तो सोचना भी मत. समंदर है, चोरखमारा का तालाब नहीं."

तर विमा. अर्जात 'वस्तूची सद्यस्थिती' या मथळ्याखाली दोन इंच जागा होती. मला ती अपुरी वाटली. मी वेगळे दोन कागद जोडले आणि पियानोचे चौदा दोष क्रमाने लिहिले. डावीकडून अकरावी पट्टी दाबली असता एकाऐवजी दोन सूर वाजतात. उजव्या पायाला चीर आहे, कधीची ते माहीत नाही. झाकणावर चहाच्या कपाचे वर्तुळ, व्यास आठ सेंटिमीटर. (मोजला होता.) कंपनीचे उत्तर आठ दिवसांत आले. ज्या वस्तूचे नुकसान आधीच होऊन गेले आहे तिचा विमा उतरवता येत नाही, असा त्याचा आशय होता.

माझी बायको वनिता हिने माझ्या अर्जाची प्रत शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

"लग्नाआधी तुमच्याबद्दल कोणी असा अर्ज लिहून दिला असता," ती म्हणाली, "तर मी अजून माहेरी असते."

दुसरा अर्ज पप्पू सेठनी भरला. सद्यस्थितीच्या जागी त्यांनी 'चांगली' एवढा एकच शब्द लिहिला. तो लगेच मान्य झाला. अट एकच होती, सर्वेअर येऊन माल पाहणार.

सर्वेअर आले ते टेंभरे साहेब. त्यांची सगळी नोकरी जळालेल्या राईस मिली आणि भिजलेली गोदामे पाहण्यात गेली होती. पियानोचा सर्वे करायला तिरोड्यात दुसरे कोण येणार? त्यांनी बॅगेतून परखी काढली. परखी म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. ती हातात घेऊन ते पियानोभोवती फिरले आणि थांबले.

"खुपसायची कुठून?"

खुपसायची नाही, असे मी सांगितले. ते नाराज झाले. मग त्यांनी धानाचा ओलावा मोजायचे यंत्र काढले, ते लाकडाला लावले आणि बारा टक्के असा आकडा लिहून घेतला. सतराच्या वर असता तर सही केली नसती, असेही बजावले. शेवटी म्हणाले, वाजवून दाखवा. घरात वाजवू शकणारी एकच व्यक्ती न्यूझीलंडमध्ये होती. मी एकेक पट्टी दाबत गेलो. अकरावीशी आलो आणि दोन सूर वाजले. मी डोळे मिटून घेतले.

"एकाच्या जागी दोन वाजून राहिले," टेंभरे साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "कमी तर नाही ना वाजून राहिलं? मग झालं."

यानंतर वजन. त्यासाठी पियानो धर्मकाट्यावर नेणे भाग होते, आणि तो उचलण्यासाठी मिलमधले हमाल आले. त्यांचा मुकादम धनसिंग. त्यांचे सगळे काम कट्ट्यांवर चालते. एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचे धानाचे पोते.

"कितना कट्टा है, बाबूजी?" त्याने विचारले.

मी म्हटले, कट्टे नाहीत, ही एकच वस्तू आहे. एका वस्तूचा त्यांच्याकडे दर नव्हता. मग आधी वजन करायचे आणि नंतर माणसे ठरवायची, असे ठरले. पण वजन करायला आधी तो उचलायला हवा होता, आणि उचलायला आधी माणसे ठरायला हवी होती. या मुद्द्यावर सकाळ गेली. अखेर सहा जणांनी तो अंदाजाने उचलला. काट्यावर दोनशे वीस किलो भरला. म्हणजे साडेपाच कट्टे. हिशेब कळल्यावर परत येताना पाच जणांनी पियानो वाहिला आणि सहावा एक हात नुसता टेकवून बरोबर चालला. तो अर्धा होता.

दोनशे वीस हा आकडा मी अर्जात लिहिला. पुढे तो लक्षात ठेवावा.

आता खोके. सुतार घरीच बसवला होता. एके दुपारी गोंदियाहून परतलो तर पियानो खोक्यात गळ्यापर्यंत तणसात बसलेला. भाताचे कोरडे, पिवळे, दाणे चिकटलेले तणस. शेजारी आई कमरेला पदर खोचून आणखी कोंबत होती. अंडी तणसातच पाठवतात, मग पेटीला काय झाले, असे तिचे म्हणणे होते.

मी ते सगळे बाहेर काढायला लावले. दीड दिवस गेला. काडी न् काडी काढली, ब्रश फिरवला, प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या गुंडाळ्या आणून दिल्या. काढता काढता मी आईला न्यूझीलंडचे नियम समजावून सांगितले. दाणा, बी, काडी, काहीही चालत नाही. एक दाणा सापडला तरी पियानो बंदरातून परत येईल, नाहीतर तिथेच जाळतील, आणि विमाही मिळणार नाही. आईने सगळे मुकाट ऐकले. आई वाद न घालता ऐकते तेव्हा माणसाने सावध व्हायला हवे, हे मला पन्नाशीत कळायला हरकत नव्हती.

पुढचे दोन दिवस मला ड्यूटी होती. परतलो तेव्हा खोके खिळे ठोकून बंद झाले होते. सुताराला विचारले, आत काही राहिले नाही ना? तो म्हणाला, "तणसाची काडी नाही, साहेब." हे वाक्य पूर्णपणे खरे होते. मी घोषणापत्रावर सही केली: 'पियानोच्या आत वा खोक्यात इतर काहीही नाही. मी स्वतः तपासले आहे.' यातले दुसरे वाक्य काटेकोरपणे पाहता बरोबर नव्हते. वर्तमानपत्रात अशा वेळी 'असे समजते' लिहायची सोय असते. घोषणापत्रात ती नव्हती.

खोके नागपूरच्या कंटेनर डेपोत गेले आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. वजन जुळत नव्हते. पियानो दोनशे वीस, खोके साठ, एकूण दोनशे ऐंशी हवे. डेपोच्या काट्यावर तीनशे एकवीस.

मी त्यांना कळवले की त्यांचा काटा बिघडला आहे. ते म्हणाले, नाही. मी लेखी कळवले. धर्मकाट्याची पावती जोडून तीन पत्रे पाठवली. तिसऱ्यात काटा अधिकृत माणसाकडून तपासून घ्यावा अशी मागणी केली आणि पत्राची भाषा, माझ्या मते, अत्यंत संयत पण भेदक ठेवली. डेपोने काटा तपासून घेतला. मग खोके पुन्हा ठेवले. तीनशे एकवीस. आता खोके माझ्यासमोर उघडणार होते, आणि मी स्वतः हजर राहायचे होते.

सकाळच्या गाडीने निघालो. वनिताने डबा दिला, लग्नात मामांनी दिलेला, स्टीलचा, दोन पुडांचा, झाकणावर 'चि. प्रकाश व सौ. वनिता यांस' असे नाव घातलेला. वांग्याची भाजी आणि पोळ्या.

डेपोतल्या अधिकाऱ्याने खोके उघडले आणि पियानोची खालची फळी काढली. आत, पेडलच्या मागे, पिशव्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या, निळ्या दोऱ्याने शिवलेल्या, एकीवर एक नीट रचलेल्या. सहा पिशव्या चिन्नोर तांदूळ, दोन पिशव्या लाखोळीची डाळ, हळकुंडे, एक नवे लुगडे, आणि एका पुरचुंडीत वाळलेली मोहफुले. मोहफुले हुंगल्यावर अधिकाऱ्याचा माझ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. त्याने माझी तीन पत्रे टेबलावर काढून शेजारी ठेवली.

मी आईला फोन लावला.

"आई, पियानोत तांदूळ आहे."

"हो. चिन्नोर आहे. घरचा."

"मी सही केली होती. आत काही नाही म्हणून."

"मंग तू कायले सही केली? मले इचारलं होतं का?"

"तिकडे दाणा चालत नाही. दीड दिवस तेच सांगत होतो ना मी?"

"तू तणसाचं सांगून राहिला होता. तणस त काढलं. प्रकाश, लेकीच्या घरी माहेरची वस्तू रिकामी जात नाही. वाटी पाठवली तरी चिमूटभर साखर टाकून पाठवतो आपण. एवढी मोठी पेटी रिकामी पाठवू? सुषमा का म्हणेन? तुझा बाप का म्हणेन?"

मागून वनिताचा आवाज आला. तिने शिवले नव्हते, तिने फक्त पिशव्यांची तोंडे धरली होती, हे मला कळवावे असे तिचे म्हणणे होते.

आमच्या घरात कोणाचे भांडे रिकामे परत जात नाही, हे मला माहीत होते. शेजारच्यांचा गंज (म्हणजे पातेले) त्यांच्याच दारात दोन वांगी घालून परत करताना मी आईला शेकडो वेळा पाहिले आहे. पियानो हे तिच्या लेखी एक भांडे आहे, हे मात्र बातमी म्हणून माझ्या हातून सुटले.

मी बाह्या वर केल्या. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पिशव्या काढल्या, मग फटींतले दाणे. डेपोतून ब्रश, टॉर्च आणि चिमटा मागून घेतला. चार तास जमिनीवर पालथा होतो. मध्ये भूक लागली म्हणून डबा पिशवीतून काढला, पण समोरच एक दाणा दिसला; डबा हातासरशी बाजूला ठेवून तो काढला, त्याच्यामागे दुसरा दिसला, तोही काढला. शेवटचा दाणा पेडलच्या बिजागरीतून निघाला तेव्हा अधिकाऱ्याची घरी जायची वेळ झाली होती. फळी मी स्वतः लावली.

खोके उघडल्यामुळे जुने घोषणापत्र रद्द झाले होते. मी नवे भरले. 'आत काहीही नाही. मी स्वतः तपासले आहे.' या वेळी दुसरे वाक्यही शंभर टक्के खरे होते, आणि सही करताना मला फार बरे वाटले. पुन्हा वजन झाले. दोनशे एक्क्याऐंशी.

"एक किलो जास्त भरून राहिलं," अधिकारी म्हणाला.

एवढा फरक काट्याच्या मर्यादेतच असतो, हे मी त्याला पटवून दिले. त्याला पटत नव्हते. मी पंधरा मिनिटे घेतली.

एकेचाळीस किलो माल घेऊन परतीच्या गाडीत बसलो, आणि डबा सापडेना. डेपोतल्या कोणीतरी ढापला, असा निष्कर्ष मी काढला आणि उपाशीपोटी तुमसर रोड स्टेशनपर्यंत त्या माणसांना मनातल्या मनात बोलत राहिलो.

घरी आईने पिशव्या मोजून आत नेल्या. तिने आदळआपट केली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फक्त एवढेच सांगे, "गेली पेटी. रिकामी गेली." एकदा मला म्हणाली, "बापाचा शब्द होता, तू अर्धाच पाठवला." त्यावर मी नियमांचे कागद काढले. तिने ते वाचायला घेतले नाहीत. दोन महिने आमच्याकडे दर रविवारी चिन्नोरचा भात होत होता, आणि दर वेळी वाढताना ती म्हणे, "सुषमाच्या वाट्याचा आहे. खा."

मग एका सकाळी सुषमाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे, मोठ्या खिडकीपाशी, आमचा पियानो उभा होता. झाकणावरचे चहाचे वर्तुळसुद्धा ओळखू येत होते. सुषमाचे डोळे सुजलेले होते.

"दादा, आला रे. आईला दे आधी."

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. पियानो पाहिला. मग मान खाली घातली. "रिकामी पाठवली बाई," ती म्हणाली. "तुझ्या दादानं सगळं काढलं."

"रिकामी कुठे? आत डबा होता ना."

मी मागे उभा होतो. सुषमाने डबा कॅमेऱ्यासमोर धरला. तिथल्या तपासणी अधिकाऱ्यांनी हातमोजे घालून तो उघडला होता, म्हणे, आणि आतल्या पदार्थाची नोंद 'काळा, मूळ ठरवता येत नाही' अशी करून तो नष्ट केला होता. डबा मात्र गरम पाण्याने धुऊन, नियमाप्रमाणे, मालकाला दिला. झाकणावरचे नाव अजून स्वच्छ वाचता येत होते.

"कोणी ठेवला?" सुषमाने विचारले. "वहिनीनं?"

वनिताने माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

आई हसायला लागली. सतरा वर्षांत ती इतकी हसलेली मला आठवत नाही. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हंजे रिकामी नाही गेली. गेला ना तुझ्या बापाचा शब्द पूर्ण?"

तेवढ्यात सुषमा पियानोपाशी गेली आणि तिने डावीकडच्या पट्ट्या दाबल्या. अकरावी वाजली, दोन सुरांत. तिच्या अलीकडच्या सात अजिबात वाजल्या नाहीत. डबा मोकळ्या जागेत सगळा समुद्र गडगडत गेला होता, आणि वर उसळून त्याने सात हातोड्या मोडल्या होत्या. दुसरे कुठलेही नुकसान नव्हते. लाटांनी, क्रेननी, वादळाने पियानोला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

"तांदूर असता आत," आई फोन माझ्या हातात देत म्हणाली, "त डबा हालला नसता."

विमा आहे, काळजी करू नकोस, असे मी सुषमाला सांगितले आणि दावा दाखल केला. उत्तर गेल्या आठवड्यात आले. 'आत काहीही नाही असे पाठवणाऱ्याने दोनदा घोषित केले असताना, नुकसान पाठवणाऱ्याचेच नाव असलेल्या स्टीलच्या डब्याने झाले आहे.'

पत्र आले तेव्हा मी टेबलावर बसलो होतो. सवयीने लाल पेन काढले आणि ते तीनदा वाचले. नाव बरोबर. वजन बरोबर. डब्याचे पूडही बरोबर मोजलेले. बावीस वर्षांत इतकी निर्दोष प्रत माझ्या हाताखालून गेली नव्हती, आणि विषय मी होतो.